गुरांचे फुप्फुस, जिवाणू आणि पांढऱ्या पेशी

गाय, बैल, म्हैस यांच्या नाकाच्या मागच्या पोकळीत आणि गळ्यातल्या टॉन्सिलमध्ये काही जिवाणू कायम वस्तीला असतात. त्यांतले दोन पशुवैद्यकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे : पाश्चरेला मल्टोसिडा आणि मॅनहायमिया हिमोलिटिका. निरोगी जनावरात त्यांची संख्या थोडी असते आणि महिनोन्महिने ते कसलाही उपद्रव देत नाहीत. मग पावसाळा सुरू होतो, किंवा जनावर लांबचा प्रवास करून येते, किंवा चाऱ्याविना खंगते, आणि तेच जिवाणू फुप्फुसात वा रक्तात पोचून दोन-चार दिवसांत त्याचा जीव घेतात. या मधल्या काळात जे घडते त्याचा गाभा जिवाणू आणि जनावराच्या पांढऱ्या पेशी यांच्या गाठीत आहे. जिवाणू किंवा त्याचे विष पेशीला नेमके कुठे चिकटते, चिकटल्यावर पेशी चेतते की मरते, आणि चेतलेली पेशी शेवटी कोणाचे नुकसान करते, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे गेल्या चाळीस वर्षांत मिळाली आहेत. रोग जिवाणूचा असला तरी फुप्फुसाची नासाडी बऱ्याच अंशी जनावराच्या स्वतःच्या रक्षक पेशींच्या हातून होते, हे त्या उत्तरांचे सार आहे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत या जिवाणूंची ओळख आहे ती घटसर्पामुळे. माणसाच्या घशाच्या ज्या रोगाला मराठीत हेच नाव आहे त्याचा जिवाणू वेगळा. गुरांचा घटसर्प पाश्चरेला मल्टोसिडाच्या विशिष्ट जातीमुळे होतो. मृगाच्या सरी पडून काळ्या मातीचा चिखल झाला, गोठ्यात ओल धरली, उन्हाळ्यात कडब्यावर काढलेले जनावर एकदम कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर आले की हा रोग डोके वर काढतो. जनावराला १०६-१०७ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो, रवंथ बंद होते, तोंडातून लाळ गळते, गळ्याखाली गरम आणि दुखरी सूज येते, श्वासाला घुरघुर लागते. लक्षणे दिसल्यापासून बहुधा एक-दोन दिवसांतच सारे आटोपते. म्हशीला हा रोग गाईबैलापेक्षा अधिक जोराने होतो.

या पट्ट्यात गुराचे मोल फक्त दुधाने मोजले जात नाही. कंधार तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा गडद तांबडा लाल कंधारी बैल नांदेड, लातूर आणि परभणीच्या शेतांवर औताला चालतो. लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाचे देवणी जनावर दूध आणि शेतकाम दोन्हींना उपयोगी पडते. त्यात पूर्ण पांढरा बालंक्या, तोंडाच्या बाजूंना काळा असलेला वानेरा आणि अंगभर काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा असे प्रकार ओळखले जातात. पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला तर कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगामच अडतो. घटसर्प येतो तोही नेमका त्याच दिवसांत.

या दोन जिवाणूंची नावे दोन शास्त्रज्ञांवरून पडली आहेत. घटसर्पाचे वर्णन जर्मनीत बोलिंगर याने १८७८ मध्ये केले. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जवळचा जिवाणू घेऊन लुई पाश्चर याने १८८० च्या सुमारास तो निर्बळ करण्याचे प्रयोग केले, आणि पाश्चरेला हे नाव त्याच्यावरून आले. दुसऱ्या जिवाणूलाही पुष्कळ वर्षे पाश्चरेलाच म्हणत. त्याचे वेगळेपण सिद्ध झाल्यावर १९९९ मध्ये त्याला वॉल्टर मॅनहाइम या जर्मन जीवशास्त्रज्ञाच्या नावाने मॅनहायमिया म्हटले गेले. भारतात गुरांच्या रोगांचा प्रयोगशाळेतला अभ्यास महाराष्ट्रातच सुरू झाला. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली, आणि आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. मराठवाड्यात आता परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात.

पेशींकडे वळण्याआधी गुराच्या फुप्फुसाची घडण समजून घ्यायला हवी, कारण श्वासाच्या रोगात हे जनावर इतके हळवे का, याचे अर्धे कारण तिथे आहे. शरीराच्या मानाने गुराचे फुप्फुस लहान असते. ते जाड पडद्यांनी छोट्या छोट्या खणांत विभागलेले असते, आणि एका खणातली हवा शेजारच्या खणात जात नाही. एखाद्या खणाची वाट चिकट स्रावाने बुजली की तो खण आतल्या जिवाणूंसह बंद पडतो. उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागाला जाणारी श्वासनलिकेची शाखा तर मुख्य नळी दुभंगण्याच्या आधीच, थेट तिच्यातून फुटते. न्यूमोनिया झालेल्या वासराच्या शवविच्छेदनात फुप्फुसाचा पुढचा आणि खालचा भाग घट्ट, जांभळट लाल झालेला आढळतो तो याच रचनेमुळे.

या फुप्फुसाचे रक्षण मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी करतात. मॅक्रोफेज ही वायुकोशात राहणारी पेशी. श्वासाबरोबर आलेली धूळ, बुरशीचे कण, जिवाणू ती गिळून पचवते आणि जड काम पडले तर रासायनिक संदेश सोडून मदत मागवते. मदतीला येणारी पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. ती रक्तात फिरते, काही तासच जगते, आणि तिच्या पोटातल्या कणांत जिवाणू मारणारी तीव्र द्रव्ये भरलेली असतात. गुरांच्या न्यूट्रोफिलमध्ये काही गोष्टी माणसापेक्षा निराळ्या आहेत. माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये भरपूर असणारे लायसोझाइम हे विकर त्यांच्यात जवळजवळ नसते. उलट जिवाणूंच्या आवरणाला छिद्रे पाडणारी छोटी प्रथिने साठवणारे मोठे कण त्यांच्यात असतात. गुराच्या रक्तात न्यूट्रोफिलपेक्षा लसिकापेशी जास्त असतात, म्हणून संसर्गाच्या वेळी रक्षकांची पहिली तुकडी तशी तोकडीच पडते.

गुरांच्या फुप्फुसाचे आणखी एक वैशिष्ट्य फारसे कोणाच्या कानावर नसते, पण या विषयात ते मोलाचे आहे. त्यांच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला मॅक्रोफेज कायम चिकटून बसलेले असतात. माणसात किंवा उंदरात एरवी असे नसते. रक्तातला कचरा टिपण्याचे हे काम तिथे मुख्यतः यकृत आणि प्लीहा करतात. गुरांत रक्तातून फिरणारे जिवाणू आणि त्यांची विषे पहिल्यांदा या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजच्या हाती लागतात. त्यामुळे रोग कुठेही सुरू झालेला असो, त्याचा तडाखा गुराच्या फुप्फुसाला बसतो.

आता मॅनहायमियाच्या बाजूने पाहावे. जनावराची ताकद खचली की नाकातला हा जिवाणू झपाट्याने वाढतो आणि श्वासाबरोबर तुषारांतून खाली फुप्फुसात उतरतो. वाढीच्या ऐन भरात तो ल्युकोटॉक्सिन नावाचे प्रथिन बाहेर सोडतो. हे विष चमत्कारिक रीतीने निवडक आहे. ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या, म्हणजे गाय, मेंढी, शेळी यांच्या, पांढऱ्या पेशींना मारते. माणसाच्या, घोड्याच्या किंवा डुकराच्या पांढऱ्या पेशींवर त्याचा तसा परिणाम होत नाही. ही निवड का होते हे कोडे संशोधकांपुढे बरीच वर्षे होते.

उत्तराचा पहिला भाग सुमारे २००० च्या आसपास हाती आला. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर एलएफए-१ नावाचा जोड-रेणू असतो. तो सीडी-११ए आणि सीडी-१८ या दोन प्रथिनांचा बनलेला असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबणे, दुसऱ्या पेशीशी संपर्क करणे, संसर्गाच्या जागी पोचणे ही कामे पांढरी पेशी याच्या जोरावर करते. ल्युकोटॉक्सिन नेमके त्याच्यातल्या सीडी-१८ ला जाऊन चिकटते. पण सीडी-१८ तर माणसाच्या पेशीवरही असते. मग फरक कुठे?

तो २००९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या सुब्रमण्यम श्रीकुमारन यांच्या प्रयोगशाळेने दाखवला. पेशीच्या आत प्रथिन तयार होते तेव्हा त्याच्या टोकाला अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असतो. प्रथिन कुठे पोचवायचे ते त्यावरून ठरते. मोंढ्यात पोत्याला लावलेली चिठ्ठी माल पोचल्यावर काढून टाकावी, तसा हा तुकडा एरवी छाटला जातो. माणसाच्या सीडी-१८ वर तो छाटला जातो. रवंथ करणाऱ्या जनावरांत मात्र तो तसाच चिकटून राहतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर उघडा पडतो. ल्युकोटॉक्सिन पकडते ते हाच तुकडा. फरकाचे मूळ एका अमिनो आम्लात आहे : छाटणीच्या जागेपासून पाचव्या स्थानावर इतर प्राण्यांत ग्लायसिन असते, रवंथ करणाऱ्यांत ग्लुटामिन. त्या एका बदलाने छाटणारे विकर तिथे काम करू शकत नाही. गाईपासून उस्मानाबादी शेळीपर्यंत रवंथ करणाऱ्या सगळ्या कुळाला मॅनहायमियाचा न्यूमोनिया इतका का बाधतो, याचे स्पष्टीकरण एका अमिनो आम्लापाशी येऊन थांबावे, ही अलीकडच्या पशुवैद्यकशास्त्रातली फार सुंदर उकल आहे.

पुढची पायरी ओघाने आलीच. २०१६ मध्ये त्याच गटाने जनुक-संपादनाचे तंत्र वापरून गाईच्या पेशीत ते ग्लुटामिन बदलून ग्लायसिन केले आणि त्या पेशीपासून गर्भ वाढवला. त्या गर्भाच्या पांढऱ्या पेशींवरून तो तुकडा छाटला गेलेला आढळला, आणि ल्युकोटॉक्सिनने त्या मेल्या नाहीत. हे काम प्रयोगशाळेपुरते आहे, पण बंधनाची जागा अचूक ओळखली गेली होती याचा त्याहून भक्कम पुरावा देता आला नसता.

सीडी-१८ नसलेली जनावरे निसर्गातही जन्माला येतात, आणि त्यांची अवस्था पाहिली की हा रेणू जनावराला किती हवा असतो ते कळते. होल्स्टिन जातीत ब्लॅड नावाचा एक आनुवंशिक दोष आहे. त्यात सीडी-१८ च्या १२८ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन येते आणि पेशीवर हा रेणू उभाच राहत नाही. अशा वासराच्या रक्तात न्यूट्रोफिलची संख्या भरमसाट असते, पण त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही, म्हणून त्या ऊतींत उतरत नाहीत. वासरू तोंडातले व्रण, न्यूमोनिया, हगवण यांनी खंगून कोवळ्या वयातच मरते. हा दोष १९५२ मध्ये जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो या नामांकित वळूच्या वीर्यातून जगभर पसरल्याचे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उघड झाले. भारतात कृत्रिम रेतनासाठी निवडल्या जाणाऱ्या होल्स्टिन आणि संकरित वळूंची यासाठी जनुकीय चाचणी केली जाते. तेव्हा ज्या रेणूवाचून जनावर जगू शकत नाही, त्याच रेणूला मॅनहायमियाने आपल्या विषाचे दार केले आहे. तो काढून टाकणे हा उपाय होऊ शकत नाही. त्याचा फाजील तुकडा तेवढा काढणे हाच मार्ग उरतो.

ल्युकोटॉक्सिन पेशीला चिकटल्यावर काय होते ते त्याच्या मात्रेवर ठरते, आणि इथेच या रोगाचे खरे मर्म आहे. मात्रा मोठी असेल तर विषाचे रेणू पेशीच्या आवरणात छिद्रे पाडतात, आत कॅल्शियम घुसते, पेशी फुगून फुटते. मात्रा थोडी कमी असेल तर पेशी स्वतःच्या मरणाचा आतला कार्यक्रम सुरू करते. आणि मात्रा अगदी अल्प असेल, जशी संसर्गाच्या पहिल्या तासांत असते, तर पेशी मरत नाही, चेतते. सीडी-१८ हा नुसता चिकटण्याचा रेणू नाही, त्याचे एक टोक पेशीच्या आत असते. बाहेर काहीतरी येऊन धरले की आतल्या विकरांची साखळी हलते. कॅल्शियम वाढते, आवरणातल्या स्निग्ध पदार्थांपासून ल्युकोट्राइन बी-४ तयार होते, आणि हे रसायन आणखी न्यूट्रोफिलना बोलावून आणते. मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-८ सोडतो. त्याचेही काम तेच. न्यूट्रोफिल आपल्या कणांतली विकरे बाहेर ओततात, ऑक्सिजनची दाहक संयुगे सोडतात.

त्याच वेळी जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला दुसरा पदार्थ, एंडोटॉक्सिन, वेगळ्या दाराने आत शिरतो. रक्तातले एक वाहक प्रथिन त्याला उचलून पांढऱ्या पेशीवरच्या सीडी-१४ कडे देते, तिथून तो टीएलआर-४ या ग्राही रेणूपर्यंत पोचतो, आणि पेशीच्या केंद्रकात दाह पेटवणारी जनुके जागी होतात. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही द्रव्ये बाहेर पडतात. ताप येतो, रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात. यातली घातक गोष्ट अशी की इंटरल्यूकिन-१ मुळे पांढऱ्या पेशींवर एलएफए-१ ची संख्या वाढते, म्हणजे ल्युकोटॉक्सिनला धरायला आणखी जागा तयार होतात. पेशी जितकी अधिक चेतते तितकी ती विषाला अधिक बळी पडते, आणि मरताना आपल्या पोटातली सगळी विकरे फुप्फुसाच्या नाजूक भिंतींवर सांडते. त्या विकरांना जिवाणू आणि वायुकोश यांत फरक करता येत नाही.

या घडामोडीचा पुरावा वासरांवरच्या एका प्रयोगाने दिला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही वासरांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल औषधाने आधीच जवळजवळ संपवल्या होत्या, आणि नंतर त्यांच्या फुप्फुसात हा जिवाणू सोडला. रक्षक पेशी नसल्याने त्यांचे फुप्फुस अधिक बिघडायला हवे होते. प्रत्यक्षात न्यूट्रोफिल शाबूत असलेल्या वासरांचे फुप्फुस जास्त बिघडले. न्यूट्रोफिल नकोशा आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. ब्लॅडची वासरे त्याचे उलट उदाहरण आहेत. अर्थ एवढाच की अल्प काळात, एका जागी, प्रमाणाबाहेर चेतलेल्या न्यूट्रोफिल फुप्फुस जाळतात.

न्यूट्रोफिलच्या आणखी एका हत्याराचा शोध २००४ मध्ये लागला. ती मरताना आपल्याच केंद्रकातल्या डीएनएचे धागे उलगडून बाहेर फेकते आणि त्या जाळ्यात जिवाणू अडकतात. मॅनहायमिया आणि त्याचे ल्युकोटॉक्सिन गुरांच्या न्यूट्रोफिलकडून अशी जाळी तयार करवून घेतात, असे २०१० मध्ये दाखवले गेले. जाळ्यात काही जिवाणू मरतात हे खरे, पण खणाखणांच्या फुप्फुसात या धाग्यांचा आणि रक्तातून पाझरलेल्या तंतुमय प्रथिनाचा लगदा साचतो आणि श्वासाच्या वाटा बुजवतो. या न्यूमोनियात फुप्फुसावर पिवळसर तंतूंचा थर चढलेला दिसतो.

विषाणूंची भूमिका याआधीची आहे. गुरांना सर्दी-पडशासारखा आजार देणारा आयबीआरचा विषाणू श्वासनलिकेच्या आतला केसाळ थर खरवडून काढतो, त्यामुळे जिवाणू वर ढकलून बाहेर टाकण्याची सोय बंद पडते. शिवाय त्याच्या संसर्गाने पांढऱ्या पेशींवरचे एलएफए-१ वाढते आणि ल्युकोटॉक्सिन त्यांना अधिक चिकटते. विषाणूने आलेले साधे नाक गळणे आठवड्याभराने जिवावर बेतते, ते या दुहेरी तयारीमुळे.

घटसर्पाच्या पाश्चरेलाची रीत मॅनहायमियाच्या अगदी उलट आहे. मॅनहायमिया पांढऱ्या पेशीला धरतो. घटसर्पाचा जिवाणू तिच्या हाती लागत नाही. पाश्चरेला मल्टोसिडाचे त्याच्या बाहेरच्या शर्करामय कवचावरून ए, बी, डी, ई, एफ असे गट पाडले जातात. आशियात घटसर्प देणारा जिवाणू बी:२ म्हणून ओळखला जातो, आफ्रिकेत त्याच्या जोडीला ई:२ आढळतो. वासरांना नुसता न्यूमोनिया देणारा बहुधा ए गटातला असतो. या कवचामुळे मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल यांना जिवाणू गिळता येत नाही. याची खात्री २००० मध्ये झाली : ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बी:२ जिवाणूचे कवच तयार करणारे जनुक बंद पाडले, तेव्हा तोच जिवाणू मॅक्रोफेजनी सहज गिळला आणि उंदरांच्या शरीरातून तो चटकन नाहीसा झाला.

कवच असलेला जिवाणू टॉन्सिलमधून रक्तात शिरला की काही तासांत त्याची संख्या अफाट होते. आजारी जनावराच्या रक्ताची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट असे आखूड जिवाणू दिसतात. तालुक्याच्या दवाखान्यात निदानाचा पहिला धागा हाच. इतक्या जिवाणूंमधून सुटणारे एंडोटॉक्सिन मग अंगभरच्या पांढऱ्या पेशींना एकाच वेळी चेतवते. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांना चिकटून बसलेले मॅक्रोफेज त्यात सर्वांत आधी सापडतात. रक्तवाहिन्या पाझरतात, फुप्फुसात पाणी भरते, गळ्याखाली सूज चढते, रक्तदाब कोसळतो. म्हशींच्या शिरेतून शुद्ध एंडोटॉक्सिन देऊन घटसर्पाची बरीचशी लक्षणे उभी करता आली आहेत. त्यामुळे रोग उशिरा ओळखला गेला तर प्रतिजैविकाने जिवाणू मेले तरी जनावर वाचेलच असे नाही. मेलेल्या जिवाणूंमधूनही एंडोटॉक्सिन सुटतच असते.

हवामानाचा हात किती मोठा असू शकतो हे मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात दिसले. सायगा जातीची दोन लाखांहून अधिक हरणे तीन आठवड्यांत मरून पडली. त्यांच्यातही पाश्चरेला मल्टोसिडाचा बी गटच सापडला, आणि तो तोवर त्यांच्या गळ्यात निमूटपणे राहत होता. त्या दिवसांतली नेहमीपेक्षा अधिक उष्ण आणि दमट हवा संशोधकांनी या घटनेशी जोडली. मराठवाड्यात उन्हाळा संपून पावसाळा लागतो तेव्हा गुरांना असाच ओला उबारा सोसावा लागतो.

ताणाचा परिणाम पेशीपर्यंत कसा पोचतो हेही माहीत आहे. उपासमार, प्रवास, गर्दी यांत जनावराच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते. त्याने न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरचे चिकटण्याचे रेणू, विशेषतः एल-सिलेक्टिन, गळून पडतात, आणि पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडण्याच्या जागी थांबू शकत नाही. रक्षकांचे पहिले काही तास असे वाया जातात, तेवढ्यात नाकातला जिवाणू फुप्फुसात ठाण मांडतो. अमेरिकेत ट्रकने लांब नेलेल्या वासरांच्या न्यूमोनियाला प्रवासाचा ताप म्हणतात तो याच क्रमाने येतो. मराठवाड्यात याच्याशी जुळणारे प्रसंग वेगळे आहेत. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे बैल शेकडो किलोमीटर नेले जातात आणि उतरताच गाडीला जुंपले जातात. २०१५-१६ च्या दुष्काळात बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या गेल्या. त्यांनी असंख्य गुरे जगवली, पण गावोगावची अशक्त जनावरे तिथे एका दावणीला, नाकाला नाक लावून उभी राहत. छावणीत दाखल करतानाच लस टोचणे किती गरजेचे असते, हे वर सांगितलेल्या पेशींच्या व्यवहारातून आपोआप निघते.

उपचाराचे दोन भाग असतात. पहिला जिवाणू मारण्याचा : ऑक्सिटेट्रासायक्लिन, सल्फा गटातली औषधे, एन्रोफ्लॉक्सॅसिन यांपैकी पशुवैद्यक निवडतो ते, आणि सूज चढण्याआधी. दुसरा भाग चेतलेल्या पेशींना आवरण्याचा. मेलॉक्सिकॅमसारखी दाहशामक औषधे ताप उतरवतात आणि दाह रेटणाऱ्या काही रसायनांची निर्मिती रोखतात. इथे डायक्लोफेनॅक वापरू नये. औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरतात हे सिद्ध झाल्यावर भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गळा सुजलेल्या जनावराच्या तोंडात काढा किंवा औषध ओतणे फार धोक्याचे, कारण त्याला गिळता येत नसते आणि ते सरळ फुप्फुसात जाते.

लस मात्र या साऱ्या साखळीच्या आधीच काम करते. घटसर्पाच्या लशीत मारलेले जिवाणू असतात. भारतात त्यासाठी पी-५२ हा वाण वापरला जातो, आणि महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्था ही लस तयार करते. लशीने तयार झालेली प्रतिपिंडे जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटतात. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांच्यावर त्या प्रतिपिंडाचे मोकळे टोक धरणारे ग्राही रेणू असतात, त्यामुळे एरवी हाती न लागणारा जिवाणू त्यांना पकडता येतो आणि तो रक्तात वाढण्याआधीच गिळला जातो. पेशी इथेही चेतते, पण थोड्या जिवाणूंवर, योग्य जागी आणि वेळेत. मॅनहायमियासाठी परदेशात वापरल्या जाणाऱ्या लशींत निष्प्रभ केलेले ल्युकोटॉक्सिनही असते. त्याविरुद्धची प्रतिपिंडे विष सीडी-१८ पर्यंत पोचण्याच्या आधीच त्याला बांधून टाकतात.

प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून पशुसंवर्धन विभागाची मान्सूनपूर्व मोहीम मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला असते, आणि पाऊस लागून शेजारच्या गावात जनावर मेल्यावर टोचलेली लस त्या फेरीत अनेकदा उशिराची ठरते. तुरटीयुक्त लशीचे संरक्षण चार ते सहा महिने टिकते, तेलयुक्त लशीचे सुमारे वर्षभर. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. मे महिन्यातल्या नांदेड-लातूरच्या उन्हात बर्फाच्या डब्याबाहेर राहिलेली कुपी टोचली तर नोंद लसीकरणाची होते, संरक्षण मिळत नाही. नवजात वासराला पहिली प्रतिपिंडे आईच्या चिकातूनच मिळतात, कारण गाईच्या वारेतून ती गर्भाकडे जात नाहीत. चीक जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच पाजावा लागतो; दिवस उलटला की वासराचे आतडे ती प्रथिने आत घेत नाही.

घटसर्पाचा जिवाणू मातीत किंवा पाण्यात फार काळ टिकत नाही. त्याचा खरा साठा जिवंत जनावराच्या टॉन्सिलमध्ये असतो. साथीतून वाचलेले जनावर धडधाकट दिसत असूनही त्याचा वाहक राहू शकते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेला बैल म्हणूनच दोन-तीन आठवडे वेगळ्या दावणीला, वेगळ्या पाण्यावर बांधावा आणि त्या काळात त्याला लस टोचून घ्यावी. जनावर अचानक दगावले आणि पशुवैद्यक पोचेपर्यंत प्रेत कुजू लागले असेल, तर त्याच्या पायाचे लांब हाड काढून प्रयोगशाळेत पाठवले जाते : अस्थिमज्जा हाडाच्या आत बंद असल्याने बाकीचे शरीर सडले तरी तिच्यात घटसर्पाचा जिवाणू सापडू शकतो, आणि गावातल्या उरलेल्या जनावरांना कोणती लस व कोणते औषध द्यायचे ते ठरवता येते.